न भरणाऱ्या जखमा आणि हायड्रोजेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ड्रेसिंग रूममध्ये काम करणारी सिस्टर आहे. स्टुलावर पाय ठेवून बसलेला पेशंट आणि त्याच्यासोबत आलेली मुलगी, सून किंवा बायको जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. त्यांतले बरेचसे मधुमेही पायांच्या जखमांचे आहेत, कारण आमच्याकडे येणाऱ्या जखमांत त्याच सर्वांत जास्त असतात. हे वाचून घरीच इलाज ठरवू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी गेल्यावर काय टाळायचं, हे मात्र यातून नक्की कळेल.

जखम जुनाट झाली असं कधी म्हणायचं?

निरोगी माणसाची साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. चार ते सहा आठवडे झाले तरी भरायचं नाव घेत नसेल, तर ती जुनाट समजायची. मधुमेही पायाच्या जखमेला आम्ही आणखी एक कसोटी लावतो. चांगले उपचार चालू असताना चार आठवड्यांत तिचा आकार निम्म्यावर आला पाहिजे. आला नाही, तर कुठेतरी काहीतरी चुकतंय आणि उपचार बदलायला हवेत. म्हणून पहिल्या दिवशीच जखमेशेजारी मोजपट्टी धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, फोटोत लगेच दिसतो.

या जखमा मुख्यतः चार प्रकारच्या असतात: मधुमेहात पायाला होणाऱ्या, पायाच्या शिरांत रक्त साचून घोट्याच्या वर होणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्यांना होणारे बेडसोर, आणि कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या तळव्याला पडणाऱ्या. आयुर्वेदातले वैद्य अशा जखमेला ‘दुष्टव्रण’ म्हणतात.

हायड्रोजेल म्हणजे नक्की काय?

फालुद्यातला सब्जा आठवा. एक चमचा सब्जा अर्धी वाटी पाण्यात टाकला की दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा तयार होतो. तो चमच्यात घेतला तरी त्यातलं पाणी सहज ओघळून जात नाही. दाण्याच्या सालीवरच्या लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंनी ते पाणी धरून ठेवलेलं असतं. हेच हायड्रोजेल.

औषधी हायड्रोजेलही याच तत्त्वावर बनतं. लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या की जाळं तयार होतं. हे जाळं पाण्यात विरघळत नाही, पाणी पिऊन फुगतं. जखमेवर लावायच्या जेलमध्ये बहुतेक वेळा सत्तर टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. जाळं कशाचं करायचं याला पर्याय पुष्कळ आहेत. वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेलं सीएमसी, समुद्रशेवाळातलं अल्जिनेट, कोळंबी-खेकड्याच्या कवचातून निघणारं कायटोसान, जिलेटिन, कोलॅजन आणि हायल्युरोनिक आम्ल हे निसर्गातून येणारे. पीव्हीए, पीव्हीपी आणि पीईजी हे कारखान्यात तयार होणारे.

शरीरावर वापरायला योग्य असं हायड्रोजेल पहिल्यांदा प्रागमध्ये ओट्टो विक्टेर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी बनवलं. त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. १९६१च्या नाताळात विक्टेर्ले यांनी मुलांच्या मेर्कुर या जोडणीच्या खेळातले तुकडे आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरीच एक यंत्र बनवलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढल्या. आज डोळ्यांत घालतात ती मऊ लेन्स आणि आमच्या ट्रॉलीवरची जेलची ट्यूब एकाच कुळातली.

पण जखम सुकायला हवी ना? ओली ठेवली तर चिघळेल!

हा प्रश्न मला रोज येतो, आणि विचारणाऱ्याचं चुकतही नाही, कारण आपली भाषाच तसं शिकवते. ‘जखम सुकली’ म्हणजे बरी झाली. ‘पट्टी काढ, जरा वारा लागू दे’ हे प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं असतं. पण मराठीत दुसराही शब्द आहे, ‘जखम भरली’. शरीरात जे घडतं त्याच्या जवळ जाणारा शब्द हा आहे.

जखमेच्या कडेला नव्या पेशी तयार होतात आणि त्या सरकत सरकत मध्यभागाकडे येतात. त्यांना सरकायला ओलावा लागतो. वर कोरडी, कडक खपली असेल तर त्यांना तिच्या खालून, जिथे ओल आहे त्या खोलीवरून वाट काढत जावं लागतं. ब्रिटनमधले संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमांवर हे दाखवून दिलं. काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसांच्या त्वचेवरही तसाच निष्कर्ष निघाला. आजची बहुतेक आधुनिक ड्रेसिंग या एका निरीक्षणातून पुढे आली आहेत.

ओलावा म्हणजे चिकचिक मात्र नव्हे. जखमेच्या कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली, भांडी घासून झाल्यावरच्या बोटांसारखी दिसू लागली, की ओल जास्त झाली. ती कातडी लवकर फाटते आणि जखम मोठी होते. हवी असते ती गाजराचा हलवा शिजताना असते तेवढीच ओल: तळाला लागू नये इतकी, वर पाणी तरंगू नये इतकी.

साध्या गॉजने काय बिघडतं? इतकी वर्षं तेच तर वापरत होतो.

गॉज वाईट नाही. पण कोरडं गॉज जखमेतली ओल पितं, वाळतं आणि चिकटून बसतं. दुसऱ्या दिवशी ते ओढून काढताना त्याच्याबरोबर नव्याने आलेलं लाल दाणेदार मांसही निघतं. माझ्याकडे एक काका यायचे. तळव्याला बधिरपणा असल्यामुळे त्यांना दुखायचं नाही, त्यामुळे गॉज ओढलं तरी ते गप्पच. एकदा त्यांच्या बायकोने गॉजची मागची बाजू उलटून मला दाखवली. त्यावर तांबडे ठिपके होते, रवा सांडावा तसे. त्या म्हणाल्या, ‘‘सिस्टर, हे काल आलेलं मांस ना?’’ तेच होतं. त्या दिवसापासून गॉज चिकटलं असेल तर सलाईनने भिजवून पाच मिनिटं थांबल्याशिवाय मी ते काढत नाही.

न चिकटणारी, ओल राखणारी पट्टी स्वस्तात मिळावी म्हणून मुंबईत फार सुंदर काम झालेलं आहे. डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचं ड्रेसिंग तपासलं. त्याचा निबंध २००३ सालचा. केळीचं पान गुळगुळीत, मोठं आणि थंड असतं, ते सोलताना दुखत नाही. ही ड्रेसिंग निर्जंतुक करून रुग्णालयात वापरलेली होती. परसातलं पान तोडून जखमेवर लावायचं, असा याचा अर्थ घेऊ नका.

जेल जखमेत नेमकं काय करतं?

जखमेवर पिवळट, चिवट थर किंवा कोरडं काळपट मेलेलं मांस असेल तर जेल त्याला पाणी देतं. पाणी मिळालं की शरीराची स्वतःची पाचक द्रव्यं तो थर मऊ करून सोडवतात. कात्री न लावता जखम साफ होते. वेळ लागतो, पण दुखत नाही.

दुसरं, जेल गार असतं. भाजलेल्या किंवा सोललेल्या जागी लावलं की ठणका कमी होतो. उघड्या पडलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना कोरडी हवा लागत नाही, हेही त्यामागे आहे. तिसरं, ते चिकटत नाही. आणि पारदर्शक पट्टीच्या रूपात असेल तर ड्रेसिंग न उघडता आत काय चाललंय ते दिसतं.

ते तीन रूपांत मिळतं. ट्यूबमधलं मोकळं जेल खोलगट जखमेसाठी, पट्टीच्या आकाराचं पसरट जखमेसाठी, आणि जेल मुरवलेलं गॉज बोटांच्या बेचक्यासारख्या अडचणीच्या जागांसाठी. मोकळ्या जेलवर दुसरी पट्टी लागतेच.

कोणत्या जखमेवर ते लावू नये?

हा भाग कृपया सावकाश वाचा.

खूप पाणी सुटणाऱ्या जखमेवर जेल लावू नये. जी आधीच वाहतेय तिला आणखी पाणी कशाला? तिथे फोम किंवा अल्जिनेटसारखं शोषून घेणारं ड्रेसिंग लागतं.

पायाचा रक्तपुरवठा बंद पडून बोट काळं, कोरडं, लाकडासारखं झालं असेल, तर त्यावर जेल किंवा कुठलाही ओलावा लावायचा नाही. ते कोरडंच ठेवायचं आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. कोरडं गँगरीन ओलं झालं की जंतू शिरतात आणि पाय जाण्याची वेळ येते. ‘काळा थर आहे, जेल लावून मऊ करू’ हा विचार रक्तपुरवठा तपासल्याशिवाय करायचाच नाही.

जंतुसंसर्ग पसरत असेल तर नुसतं जेल पुरत नाही. जखमेभोवती लाली वाढतेय, पाऊल अचानक सुजलंय, ताप किंवा थंडी वाजतेय, घाण वास येतोय, शुगर एकाएकी वर गेलीय, हाड दिसतंय किंवा ड्रेसिंग करताना सिस्टर-डॉक्टरांच्या सळईला आत हाडासारखं टणक लागलंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोमवारची ओपीडी येईपर्यंत थांबू नका. मधुमेहात एका रात्रीत पाऊल जाताना मी पाहिलंय.

आणि काही जेलांत प्रोपिलीन ग्लायकोल असतं. ते एखाद्याला सोसत नाही. लावल्यावर आग होऊन भोवती पुरळ उठलं तर धुऊन टाका आणि डॉक्टरांना कळवा.

घरी ड्रेसिंग करायचं असेल तर?

आधी साबणाने हात धुवा, अंगठी काढा. जुनी पट्टी भिजवून सोडवा. जखम नॉर्मल सलाईनने धुवा, ते नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. तो फसफसला की जखम साफ होतेय असं वाटतं, पण त्यात नव्या पेशीही मरतात. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा, विशेषतः बोटांच्या मधली. जेल फक्त जखमेत, कडांच्या बाहेर नाही. खड्डा ठासून भरू नका. वर पट्टी, ती घट्ट नको.

उघडलेली ट्यूब आठवडाभर पुरवायचा मोह होतो, महाग असते म्हणून. पण बरीचशी जेलं एकदाच वापरायची असतात आणि पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. पाणी भरपूर असलेली वस्तू उघडी राहिली की जंतूंना ते आमंत्रणच. परवडत नसेल तर लहान आकाराचं पाकीट मागा, किंवा त्याऐवजी चालणारं साधं ड्रेसिंग कोणतं ते सिस्टरला विचारा. विचारायला लाजू नका.

किती दिवसांनी बदलायचं?

साधारण एक ते तीन दिवसांनी. पट्टीबाहेर पाणी आलं तर लगेच. रोज उघडून बघण्याने जखम लवकर भरत नाही, उलट थंड पडते आणि पेशींचं काम खोळंबतं.

पट्टी काढल्यावर पिवळा, चिकट राप दिसला. पू झाला का?

बहुतेक वेळा नाही. विरघळलेला मेलेला थर आणि जेल मिसळून तसं दिसतं. आधी सलाईनने धुवा, मग बघा. धुतल्यावर खाली लाल, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखं मांस दिसलं तर उत्तम. सुरुवातीला जखम जरा मोठी झाल्यासारखी वाटते, कारण झाकलेला भाग मोकळा होतो. धुतल्यावरही वास राहिला, दुखणं वाढलं किंवा भोवती लाली आली तर दाखवायला या.

महागाचं जेल लावूनही जखम भरत नाही. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा चूक जेलमध्ये नसते. मी पहिली गोष्ट बघते ती पेशंटची चप्पल.

मधुमेहात पायाची संवेदना जाते. माणूस जखमेवर पाय टेकून दिवसभर चालतो, कारण दुखतच नाही. आमच्याकडचे एक आजोबा, अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला रुपयाएवढी जखम. आठ आठवडे नीट ड्रेसिंग केलं, हलली नाही. शेवटी त्यांची सून म्हणाली, ‘‘घरी गेल्या गेल्या शेतावर जातात, ऐकतच नाहीत.’’ ड्रेसिंगच्या तळाला काळी माती होती, ती मी रोज बघत होते आणि विचारलं नव्हतं. तळव्यावरचा भार काढणारं प्लास्टर घातल्यावर तीच जखम सहा आठवड्यांत मिटली. जेल तेच होतं.

पूर्ण पायाला बसणाऱ्या या प्लास्टरचं मोठं काम आपल्याच देशात झालं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करत होते. कुष्ठरोगाने मांस सडून बोटं गळतात असा समज होता. वेदना नसल्यामुळे न जाणवणारी रोजची इजा हे खरं कारण आहे, हे त्यांनी दाखवलं. ज्या तळव्याला दुखत नाही त्याचा भार काढला की जखम भरते, हा धडा तिथून पुढे मधुमेही पायांच्या उपचारात आला.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठा. घोट्यापाशी नाडी लागते का? पायाचं डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, झालंय का? रक्तच पोहोचत नसेल तर वरून काहीही लावून मांस येणार नाही. तिसरी शुगर, चौथी पोट. हो, जेवण. प्रथिनांशिवाय मांस कशातून येणार? मधुमेह म्हणून भात बंद, दूध बंद, डाळ कमी, असं करत वाळलेली माणसं येतात. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर अंडी, डाळी, दही हवंच. किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून. आणि तंबाखू. बिडी असो की मशेरी, पायाच्या रक्तवाहिन्या आवळतातच.

जखमेच्या आत काय बिघडलेलं असतं, तेही सांगते. साध्या जखमेत रक्त थांबणं, सूज, नवं मांस आणि शेवटी घट्ट होणं, अशा पायऱ्या एकामागून एक येतात. जुनाट जखम सुजेच्या पायरीवर अडकते. मेलेलं साफ करायला आलेल्या पेशी परत जात नाहीत, त्या सोडत असलेली पाचक द्रव्यं नव्याने विणलेलं कोलॅजनही तोडत राहतात. वर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यात प्रतिजैविकं नीट शिरत नाहीत. म्हणून जेल लावण्याआधी सर्जन जखम खरवडून साफ करतात, भोवतीचा घट्टा काढतात. ‘बरी होत आलेली जखम पुन्हा मोठी केली’ अशी तक्रार नातेवाईक करतात, पण त्याशिवाय ती पुढच्या पायरीवर जात नाही.

कोरफड, हळद, मध लावलं तर?

कोरफडीचा गर हाही निसर्गातलं जेलच आहे. पण पानातून काढलेला गर निर्जंतुक नसतो. उन्हाने तापलेल्या अखंड कातडीवर लावा, उघड्या जखमेत नको. हळदीची पूड, चुना, टूथपेस्ट, कॉफी पावडर यांचे कण जखमेत अडकतात आणि ते काढताना आम्हाला अर्धा तास लागतो. औषधी दर्जाचा, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध वेगळा आणि स्वयंपाकघरातली बाटली वेगळी. मधुमेही पायाच्या जखमेसाठी मात्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना औषधी मधाचीही शिफारस करत नाहीत.

हायड्रोजेल खरंच काम करतं याला पुरावा किती?

आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा भक्कम नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात मधुमेही पायाच्या जखमांवरच्या पाच चाचण्या होत्या, मिळून ४४६ रुग्ण. साध्या ड्रेसिंगपेक्षा हायड्रोजेलने कमी खोल जखमा जास्त प्रमाणात भरल्या असं दिसलं, पण चाचण्या लहान आणि त्रुटी असलेल्या होत्या, म्हणून लेखकांनी हात राखूनच निष्कर्ष काढला. मधुमेही पायावर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट सांगतो की ड्रेसिंग निवडताना पाणी किती सुटतंय, पेशंटला आराम किती आणि खर्च किती, हे बघा. मला हे पटतं. कोरड्या, चिवट थराच्या जखमेवर जेल फार चांगलं काम करतं. सरसकट सगळ्या जखमांवर लावायची ती वस्तू नाही.

औषध घातलेलं जेल मिळतं ते?

वाढीला चालना देणारी प्रथिनं घातलेली जेलं आहेत. पीडीजीएफ नावाच्या प्रथिनाच्या जेलला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे हैदराबादच्या भारत बायोटेकने ईजीएफ या अशाच दुसऱ्या प्रथिनाचं जेल आणलं. पीडीजीएफच्या १९९८च्या चाचणीतला एक आकडा माझ्या मनात कायम आहे. ३८२ रुग्णांच्या त्या अभ्यासात २० आठवड्यांनंतर जास्त मात्रेच्या गटातल्या ५० टक्क्यांच्या जखमा पूर्ण भरल्या. औषध न घातलेलं नुसतं जेल लावलेल्या गटात ३५ टक्क्यांच्या भरल्या. म्हणजे औषधाने फरक पडला, हे खरं. पण खरवडून सफाई, भार काढणं आणि ओलावा एवढ्यावरही तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोक बरे झाले. महागड्या ट्यूबसाठी दागिना मोडण्याआधी या तीन गोष्टी पूर्ण होतायत का, ते बघा.

चांदी घातलेली ड्रेसिंग जंतू मारतात. संसर्गाचा जोर असताना डॉक्टर थोडे दिवस ती देतात. जखम लवकर भरावी म्हणून महिनोन्महिने लावायची नसतात.

आपल्याकडे हे बनतं का, की सगळं बाहेरून येतं?

बनतं. तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा किरण वापरून पीव्हीएचं हायड्रोजेल ड्रेसिंग विकसित केलं आणि त्याचं तंत्रज्ञान उद्योगांना दिलं. भाजलेल्या जखमांसाठी ते वापरलं जातं. अणुकेंद्राचा पट्टीशी काय संबंध, असं विचारतात लोक. पण ही पद्धत फार हुशारीची आहे. पाण्यात विरघळवलेले रेणू साच्यात ओतायचे, पाकीट बंद करायचं आणि त्यावर किरण सोडायचे. किरणांनी साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि जेल धरतं, त्याच वेळी आतले जंतूही मरतात. जोडणारं वेगळं रसायन लागत नाही, त्यामुळे मागे काही उरत नाही. १९८०च्या दशकात पोलंडमध्ये यानुश रोशाक यांनी याच मार्गाने ड्रेसिंग बनवलं होतं. तुर्भ्याला वैद्यकीय वस्तू किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प १९७४पासून आहेच.

जेलने नवी कातडी येते की नुसता व्रण राहतो?

आज बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही जेलने व्रणच येतो. व्रण म्हणजे घाईने घातलेलं ठिगळ. त्यात केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, आणि पूर्ण घट्ट झाल्यावरही तो मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्केच मजबूत होतो.

हे बदलावं म्हणून संशोधन चाललंय आणि ते वाचताना मला खरोखर आनंद होतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शॅरन गेरेश्ट यांच्या गटाने २०११ साली डेक्स्ट्रान या शर्करेपासून केलेलं जेल उंदरांच्या खोल भाजलेल्या जखमांवर लावलं. तीन आठवड्यांत तिथे रक्तवाहिन्या आल्या, त्वचा आली आणि पुढे केसांची मुळंही दिसली. जेलमध्ये औषध नव्हतं, पेशी नव्हत्या.

दुसरं काम ड्यूक विद्यापीठातल्या तात्याना सेगुरा आणि कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्यांचं जेल बारीक मण्यांचं आहे. मणी एकमेकांना चिकटतात, मध्ये फटी राहतात आणि त्या फटींतून पेशी आत शिरतात. जेल लवकर विरघळू नये म्हणून त्यांनी ते बांधणाऱ्या दुव्यातल्या रेणूंची आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी घडण वापरली. झालं उलटंच. शरीराने ते परकं ओळखलं, रोगप्रतिकारशक्ती जागी झाली आणि जेल आणखी लवकर गेलं. पण मागे जी त्वचा आली ती जास्त भक्कम होती आणि तिच्यात केसांची मुळं होती. हा निबंध २०२०चा. सूज ही नेहमी शत्रू असते असं आम्ही शिकलो होतो. योग्य प्रकारची सूज दुरुस्तीला मदत करते, हे या कामाने पुढे आणलं.

मग हे आम्हाला कधी मिळणार?

उंदीर आणि माणूस यांच्यात मोठं अंतर आहे. उंदराच्या कातडीखाली पातळ स्नायूचा थर असतो, तो आवळून जखम मिटवतो. आपली जखम मुख्यतः नवं मांस आणि त्वचा येऊन भरते. म्हणून डुकराच्या त्वचेवरचे प्रयोग जास्त भरवशाचे. शिवाय प्रयोगातली जखम काल कापलेली, स्वच्छ. माझ्यासमोरची जखम आठ महिन्यांची, पंधरा वर्षांच्या मधुमेहातली, आणि तिचा मालक रोज बसस्टँडपर्यंत चालणारा. ‘जखम दहा दिवसांत गायब’ अशी बातमी वाचली की एवढंच शोधा: कुणाच्या अंगावर, किती जणांच्या?

सेन्सर बसवलेली पट्टी हाही खरा प्रयत्न आहे. स्टॅनफर्डच्या गटाने जखमेचं तापमान आणि विद्युत अवरोध मोजणारी, गरज पडली तर हलका विद्युतप्रवाह देणारी पट्टी केली. तिच्यातलं हायड्रोजेल त्वचेला घट्ट धरतं आणि ४० अंशांपर्यंत गरम केलं की सोडतं, म्हणजे काढताना ओढावं लागत नाही. तेही अजून उंदरांवरचंच काम. गॉजखालचे ते तांबडे ठिपके ज्याने पाहिलेत, त्याला न ओढता सुटणाऱ्या पट्टीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

बेडसोरवर जेल चालतं का?

उथळ आणि कोरडट असेल तर चालतं. पण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर काहीच चालत नाही. लाल झालेल्या जागी चोळू नका, मालिश करू नका. टायरसारखी गोल उशी देऊ नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

डॉक्टर म्हणतात कातडी लावावी लागेल. म्हणजे जेल फुकट गेलं?

नाही. मोठी जखम कडांनी मिटायला फार वेळ लागतो. जेलने तळ लाल आणि स्वच्छ झाला की त्यावर मांडीची पातळ कातडी धरते. खूप भाजलेल्यांना स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा दान केलेली त्वचा तात्पुरतं झाकण म्हणून लावतात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली देशातली पहिली त्वचा पेढी सुरू झाली. त्वचादान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करता येतं. पातळ थर काढतात, देह विद्रूप होत नाही.

जखम भरली. आता ड्रेसिंग बंद?

ड्रेसिंग बंद, काळजी चालू. मधुमेही पायाची जखम भरल्यावर सुमारे ४० टक्के जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते. आलेला व्रण कच्चा असतो आणि पायाचा बधिरपणा तसाच असतो. एमसीआर या बारीक छिद्रांच्या रबराच्या, मऊ तळाच्या चपला घ्या आणि घरातही घाला. वारीत, गडावर किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका. दुखत नाही त्या तळव्याला फोड आलेला रात्रीच कळतो. देवळात मोजे घालायला कुणी हरकत घेत नाही, मी माझ्या आईला तसंच नेते. संध्याकाळी पाय धुतल्यावर आरसा जमिनीवर ठेवा आणि तळवा त्यावर धरून बघा. नजर कमी असेल तर नातवंडाला बघायला सांगा. नवा घट्टा, लालसर डाग, ओलसर भेग किंवा मोज्यावर पाण्याचा डाग दिसला तर दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये या, आणि रोज घालता त्या चपला बरोबर आणा.